चार डोळ्यांचे भय

कुणाला फटाक्यांचे भय वाटते, कुणाला काळोखाचे. मला फराळाच्या निमंत्रणाचे वाटते. चकलीशी माझे वैर नाही. पण दहा माणसांत चहा हाती आला, की साऱ्यांचे डोळे माझ्या बोटांवर आहेत असे वाटते आणि कप बशीत खडखडू लागतो.

तुडीलला मुलांपुढे शिकवताना मात्र माझी जीभ बिनदिक्कत चालते. कादंबरी लिहिताना तर प्रश्नच नसतो. कागदाला डोळे नसतात. गावचे लोक मला शिष्ट म्हणतात, आप्तेष्ट लाजरा म्हणतात. पण लाज घटकाभर पाहुणी येते आणि जाते. हे दुखणे बिऱ्हाड करून राहते. लग्नाआधी आठ दिवस झोप उडवते आणि लग्नानंतर आठ दिवस ‘आपण असे का बोललो’ म्हणून छळते. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या व्याधिसूचीत त्याला स्वतंत्र जागा दिली, तेव्हा कुठे ते नुसते लाजाळूपण नव्हे हे मान्य झाले.

गांधीजींची गोष्ट मला धीर देते. १८९१ साली बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात ते पहिल्या खटल्याला उभे राहिले, तो पाय कापू लागले आणि एकही प्रश्न सुचेना. तीस रुपये फी सोडून ते निघून आले. त्यांना ही व्याधी होती असे मी म्हणत नाही. पण पुढे हजारोंपुढे बोलणाऱ्याचेही पाय एकदा कापले होते, एवढे मला पुरे.

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तरुणपणी न्यूयॉर्कच्या एका बागेत महिनाभर अनोळखी स्त्रियांशी बोलण्याचा नेम केला. शंभर जणींशी बोलणे झाले. एकीने भेटायचे कबूल केले, तीही आली नाही. पण आकाश कोसळले नाही, आणि भीती मात्र पळाली! त्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली.

मर्म एवढेच, की टाळले तर भीती पोसते आणि पायरीपायरीने सामोरे गेले तर रोडावते. हल्ली महाडच्या बाजारात मी मुद्दाम भाव विचारतो आणि काही न घेता परततो. ज्याचे जगणेच अडले असेल त्याने डॉक्टर गाठावा. सरकारच्या ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांकही विनामूल्य आहे.

उत्तर येत असूनही हात वर न करणारा मुलगा प्रत्येक वर्गात असतो. त्याला मी फळ्यापुढे ओढीत नाही. तो आधी माझ्या कानात सांगतो, मग शेजाऱ्याला, मग बाकाला. एके दिवशी वर्गालाही सांगतो. आवाज कापतो, पण उत्तर बरोबर असते.