पुलाखाली थांबायचं नाही

“पुलाखाली थांबूया का?” दादानं विचारलं. टपावर गारा ताशासारख्या कडकडत होत्या. वहिनींनी नुसती मान हलवली आणि गाडी पुढे काढली. पुलाखाली आधीच सात-आठ गाड्या दाटीवाटीनं उभ्या होत्या.

मे महिन्यातली संध्याकाळ. ओक्लाहोमा सिटीहून आम्ही आय-40 महामार्गानं पश्चिमेला निघालो होतो. दुपारी ‘टोर्नेडो वॉच’ लागला होता, म्हणजे हवा तशी तयार झालेली. एल रेनोच्या अलीकडे तिघांचे फोन एकदम किंचाळले: ‘वॉर्निंग’. आता टोर्नेडो कुणीतरी डोळ्यांनी पाहिला होता किंवा रडारवर तो फिरताना दिसला होता.

पुलाचा आसरा घ्यावा, हा समज पसरला 1991 साली. कॅन्ससमध्ये एका टीव्ही चमूनं पुलाखाली दडून जीव वाचवला आणि ते चित्रण जगभर पाहिलं गेलं. पण 3 मे 1999 रोजी ओक्लाहोमात तीन वेगवेगळ्या पुलांखाली तीन माणसं गेली. पुलाखालच्या अरुंद जागेतून वारा आणखी जोरात घुसतो, सोबत पत्रे, लाकडं, काचा आणतो. वहिनी तिथं बारा वर्षं राहतात. त्यांना हे पाठ आहे.

आणि एल रेनो हे नाव तर तिकडे कुणीच विसरत नाही. 31 मे 2013 रोजी इथला टोर्नेडो 4.2 किलोमीटर रुंद झाला, आजवर नोंदलेला सर्वांत रुंद. आठ जण दगावले, सगळे गाड्यांमधले. त्यांत टोर्नेडोंच्या अभ्यासात आयुष्य घालवलेले टिम समारासही होते. अकराच दिवसांपूर्वी मूर शहर उद्ध्वस्त झालेलं, म्हणून त्या संध्याकाळी घाबरलेली माणसं घरं सोडून गाड्या घेऊन निघाली आणि महामार्गच तुंबले.

“तो खांब धरून बघ,” वहिनी मला म्हणाल्या. “टोर्नेडोची सोंड खांबाच्या डावी-उजवीकडे सरकतेय का?”

सरकत नव्हती. जागच्या जागी जाड होत होती. म्हणजे ती आमच्याकडेच येत होती.

पुढच्याच फाट्यावर त्यांनी गाडी खाली उतरवली आणि पेट्रोल पंपाच्या दुकानाशी लावली. काउंटरवरच्या मुलानं काही न विचारता आम्हाला दुधाच्या शीतखोलीत ढकललं. आत बारा-तेरा माणसं, पाठीला गार भिंत. एका ट्रकवाल्यानं आपलं जाकीट कुणाच्या तरी लहान मुलीच्या डोक्यावर धरलं होतं. “दुकान नसतं तर?” मी कुजबुजले. वहिनींनी भराभर सांगितलं: रस्त्यापेक्षा बराच खोल खड्डा दिसला तर गाडीपासून लांब, त्यात पालथं पडायचं, डोकं हातांनी झाकायचं. तेही नसेल तर गाडीतच, पट्टा बांधून, मान काचेखाली.

वीसेक मिनिटांनी आम्ही बाहेर आलो. टोर्नेडो उत्तरेकडून निघून गेला होता. परतताना त्याच पुलापाशी पोचलो, तर गाड्या अजून तशाच होत्या आणि त्यांच्यामागे एक रुग्णवाहिका सायरन वाजवत अडकली होती. दादा खाली उतरला आणि एकेका काचेवर टकटक करत सुटला.