भिलारच्या ओसरीवर

पाचगणीहून महाबळेश्वरला जाताना तुम्ही स्ट्रॉबेरीसाठी नक्की थांबत असाल. पुढच्या वेळी थोडी वाट वाकडी करून भिलारला जा. ४ मे २०१७ पासून हे ‘पुस्तकांचं गाव’ आहे. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वे गावावरून सुचली. तिथे पुस्तकांची दुकानं आहेत. इथे गावकऱ्यांनी आपल्या घरातली जागाच पुस्तकांना दिली आहे. चपला दारात काढा, कपाटातलं पुस्तक घ्या आणि निवांत वाचत बसा.

दिवाळीच्या सुट्टीत मी मामाच्या दोन्ही मुलांना तिथे नेलं. इंदूरला वाढलेल्या सोळा वर्षांच्या बहिणीने मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ आधीच वाचली होती. तिचं मत ठाम होतं. “मुकुंद छान आहे गं ताई, पण शिरोडकरच्या मनात काय चाललंय ते कुठे कळतं?”

तेरा वर्षांचा भाऊ जूनपासून होस्टेलला आहे. “मला वाचायला बोअर होतं,” म्हणतच त्याने प्रकाश नारायण संत यांचं ‘वनवास’ उघडलं. आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणाऱ्या लंपनच्या या कथा. दोन तास स्वारी गप्प. निघताना हळूच म्हणाला, “ताई, याला घरची आठवण येते, पण हा कुणाला सांगत नाही.”

होस्टेलमधून फोनवर तोही नेहमी “मी मजेत आहे” एवढंच सांगतो. त्या रात्री मुक्कामावरून त्याने स्वतःहून मामीला फोन लावला. बराच वेळ बोलत होता.

तुमच्या घरातल्या मुलांनाही “अभ्यास झाला का?” याआधी एकदा विचारून बघा, “काय वाचलंस? कसं वाटलं?”