उजव्या पायाची गोष्ट

आमच्या घरी पायाने चालवायचं शिलाई मशीन होतं. आई त्यावर बसली की खालच्या जाळीदार लोखंडी पट्टीवर तिची टाच दबायची, मग चवडा, पुन्हा टाच, पुन्हा चवडा. तिचं सगळं लक्ष सुईखालून सरकणाऱ्या कापडावर असे आणि पाय आपला आपण चालत राही. मी जमिनीवर बसून तो पायच बघत असायचो. पुढे विशी ओलांडल्यावर ड्रमचं पेडल पायाखाली आलं. शिकवणाऱ्याने हील-टो नावाची युक्ती दाखवली. पेडल आधी टाचेने दाबायचं आणि लगेच चवड्याने. पायाच्या एका झोक्यात बीटरचे दोन ठोके पडतात. मी थबकलोच. ही चाल मी पाचव्या-सहाव्या वर्षापासून ओळखत होतो.

तेव्हापासून हेवी मेटल मी खालून वर ऐकतो. आधी पाय, मग बाकीचं.

आणि माझा सर्वांत लाडका पाय निको मॅकब्रेनचा. तो १९८२ मध्ये आयर्न मेडन या ब्रिटिश बँडमध्ये आला. पुढच्याच वर्षी ‘पीस ऑफ माइंड’ हा अल्बम निघाला आणि त्यातलं पहिलंच गाणं, ‘व्हेअर ईगल्स डेअर’, त्याच्या ड्रमनेच उघडतं. त्या गाण्यात बेस ड्रमचे तीन-तीन ठोके इतक्या चपळाईने येतात, की ऐकणारा खात्रीने म्हणेल, इथे दोन पाय आहेत. पाय एकच आहे, उजवा. बीटर ड्रमवर आपटून उसळतो. त्याला पुरता मागे जाऊ न देता अर्ध्या वाटेवरून परत पाठवायचं, आणि पुन्हा एकदा. यात मांडीचं बळ फारसं कामाला येत नाही. घोटा सैल हवा आणि पेडलच्या स्प्रिंगशी त्याची मैत्री हवी. मी घरी उशीवर पाय आपटून हे अनेक महिने घोटलं. दोन ठोके यायचे. तिसरा नेहमी मेलेला.

सगळा मेटल दोन पायांनी धावत असताना हा माणूस एका पायावर उभा राहिला. मेडनच्या गाण्यांत त्याने दोन पायांचं पेडल वापरलं ते एकदाच, २००३ च्या ‘डान्स ऑफ डेथ’मधल्या ‘फेस इन द सँड’साठी. १ फेब्रुवारी २००८ ला मेडनने आपला जगाचा दौरा मुंबईतून, वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला, तेव्हा मी त्या गर्दीत होतो. निको दिसला असं म्हणणं खोटं ठरेल. चहूबाजूंनी उंच लावलेल्या ड्रमच्या तटबंदीमागे तो बुडालेला असायचा, मधूनच एखादी स्टिक वर यायची. पण तो उजवा पाय दीडशे फुटांवरून माझ्या बरगड्यांत वाजत होता. ज्याचं तोंड दिसत नाही त्याची चाल मला ओळखू येत होती, आणि त्या आनंदाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

दुसऱ्या पायावर माझा राग नाही. दोन बेस ड्रम जाझमधल्या लुई बेलसनने १९४० च्या दशकातच वाजवले होते. मेटलला त्यांची खरी चटक लावली ती मोटरहेडच्या फिल टेलरने, १९७९ च्या ‘ओव्हरकिल’मध्ये. मग आला हवानात जन्मलेला, कॅलिफोर्नियात वाढलेला डेव्ह लोंबार्डो. त्याच्या स्लेअर बँडचा ‘रेन इन ब्लड’ (१९८६) हा अल्बम दहा गाण्यांचा आणि जेमतेम एकोणतीस मिनिटांचा. त्यातल्या ‘एंजल ऑफ डेथ’मध्ये एका जागी सगळी वाद्यं गप्प होतात आणि फक्त त्याचे दोन पाय धावतात. ती दोन-तीन सेकंदं मी इतक्या वेळा ऐकली आहेत, की ती लागण्याआधीच माझे घोटे ताठ होतात. पुढे स्वीडनच्या मेशुगाचा टोमास हाके आला. त्याच्या ‘ब्लीड’मध्ये हात निवांत चार मोजत असतात आणि पाय त्या चौकटीवरून तिरके धावतात. किती तरी वेळ दोघांचा एकमेकांशी संबंधच नाही असं वाटतं आणि मग ते समेवर भेटतात. समेची वाट बघायची सवय असलेल्या आपल्या कानाला हे परकं वाटायचं कारण नाही. टूलचा डॅनी कॅरी तर रीतसर तबला शिकला आहे.

वेग मात्र मला एका मर्यादेपलीकडे ऐकू येत नाही. ब्लास्ट बीटची सलग पाच मिनिटं माझ्या कानात पावसासारखी एकजीव होऊन जातात. तो माझ्या कानाचा तोकडेपणा असेल.

मेटलच्या ड्रमवाल्यांचा मूळ पुरुष बिल वॉर्ड. बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागातला, जीन क्रूपा आणि बडी रिच या जाझवाल्यांवर जीव टाकणारा. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये एका दिवसात रेकॉर्ड झाला. तो ऐकताना जाणवतं, की गिटार दगडासारखी पडते आहे आणि खाली ड्रम झुलतो आहे. पुढच्या वर्षीच्या ‘वॉर पिग्ज’मध्ये गायक ऑझी गाऊ लागतो तेव्हा गिटार मागे सरते, ड्रमही थांबतात. फक्त हाय-हॅटच्या झांजांची टिचटिच चालू. तबल्याच्या ठेक्यात खाली येते तेव्हा डग्गा गप्प होतो आणि पुढच्या भरीची ओढ लागते, तशी ही जागा आहे. गिटार परत कोसळते तेव्हा तिला जे वजन येतं, ते वॉर्डने त्या मोकळ्या जागेत साठवलेलं असतं.

जानेवारी २०२३ मध्ये निकोला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. उजवी! ती बातमी त्याने ऑगस्टमध्ये स्वतः सांगितली, तोवर तो मे अखेरपासून दौऱ्यावर वाजवतही होता. ती वाचून मी कितीतरी वेळ माझ्या उजव्या घोट्याकडे बघत बसलो. पाय परत आला होता, हात सगळा आला नव्हता. मेडनच्या ‘द ट्रूपर’मधले ते भरधाव तुकडे आता आपल्याला जमत नाहीत, हे त्याने मोकळेपणाने सांगून टाकलं.

७ डिसेंबर २०२४ ला साओ पाउलोमध्ये, बहात्तराव्या वर्षी, तो मेडनबरोबरच्या दौऱ्यांतला शेवटचा कार्यक्रम वाजवायला बसला. त्या दौऱ्यात ‘द ट्रूपर’ शेवटून दुसरं असे. मी त्या वर्षीची प्रेक्षकांनी टिपलेली चित्रणं शोधून ऐकली. तुकड्याची जागा येते, गिटार तोंड मिटते, तिथे पूर्वी हातांचा नुसता वर्षाव असायचा. आता मोजके, सुटे ठोके पडतात, मध्ये हवा राहते, आणि ठरल्या क्षणी उजवा पाय खाली येतो.