मंत्रचळ

गच्चीवरची हजार लिटरची टाकी दिवसातून दोनदा भरावी लागू लागली, तेव्हा मी प्लंबरला बोलावलं. त्यानं टाकीतला बॉल पाहिला, सगळे नळ तपासले, फ्लशच्या टाकीचं झाकण काढून आत बघितलं आणि म्हणाला, "साहेब, गळती कुठंच नाही." पैसेही घेतले नाहीत. जाताना बेसिनपाशी उभ्या असलेल्या माझ्या अकरा वर्षांच्या लेकीकडं बघून क्षणभर थांबला. "ताई मघापासून हातच धुतायत," एवढंच बोलला आणि जिना उतरून गेला.

ते हात धुणं आम्हाला दिसत नव्हतं असं नाही. आजार म्हणून दिसत नव्हतं. २०२० साली सगळा देशच हात धूत होता. वीस सेकंद धुवा, बोटांच्या बेचक्यांत धुवा, नखांखाली धुवा. शाळेनं मुलांकडून त्याचे व्हिडिओ मागवले, हिच्या व्हिडिओला शाबासकी मिळाली. पुढं बाकीच्यांचे हात हळूहळू कोरडे राहायला लागले. हिचे राहिले नाहीत. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. आम्ही कोकम तेल लावलं, त्वचेच्या डॉक्टरांकडून मलम आणलं, साबण बदलला. तीन साबण बदलले. हात का धुतेस, हे मात्र कुणी बसवून विचारलं नाही.

दुसरी गोष्ट तर कौतुकाचीच वाटली. माझ्या आईनं तिला रामरक्षा शिकवली होती. दिवेलागणीला देवापुढं बसून ती म्हणायची आणि कुठं अडखळली की पुन्हा पहिल्यापासून. साडेसातला बसलेली पोर नऊ वाजले तरी उठत नसे. आई शेजारच्या काकूंना सांगायची, "नात माझ्यावर गेलीय." एकदा मी मागं उभा राहून नीट ऐकलं. श्लोक बरोबर येत होते, उच्चार स्वच्छ होते, तरी ती मध्येच थांबायची, मान हलवायची आणि परत सुरुवात करायची. गालांवर पाणी होतं. का, ते तिनं पुढं डॉक्टरांना सांगितलं: एक शब्द जरी चुकला तरी आजी रात्रीत मरेल. आजीला जिवंत ठेवण्याचं काम ती पोर रोज दीड तास एकटी करत होती, आणि आजी तिचं कौतुक करत होती.

डॉक्टर या आजाराला ओसीडी म्हणतात. आपल्या भाषेत त्याला जुना शब्द आहे, मंत्रचळ. जपात चूक झाली की जप करणाऱ्याचं डोकं फिरतं, ही त्यामागची समजूत. समजूत खोटी, पण त्या शब्दानं भीती अचूक पकडली आहे. काहीतरी चुकलंय, माझ्या हातून चुकलंय, आणि आता ज्याच्यावर माझा जीव आहे त्याचं वाईट होणार. हात धुणं, मोजणं, दाराची कडी पुन्हा पुन्हा बघणं ही सगळी त्या भीतीची वरची रूपं आहेत.

मला माझी आत्या आठवते. ती तांदूळ सात पाण्यांनी धुवायची, चुलीतली लाकडंसुद्धा धुऊन वाळवायची. तिची आंघोळ झाली की आम्हा पोरांना माजघरात पाय ठेवायची बंदी. घरात म्हणायचे, आत्याचं सोवळं कडक. सोवळ्यानं दुसऱ्या माणसांवर केलेला अन्याय मोठा आहे, तो विसरता येत नाही. पण आता वाटतं, आत्याचं सोवळं निराळं होतं. रीत पाळून झाली की माणूस मोकळं होतं, जेवतं, हसतं. आत्या कधी मोकळी झालीच नाही. स्वयंपाक होईपर्यंत तीन वाजायचे आणि ती पानावर रडत बसायची. हा आजार पुष्कळदा घराण्यात चालत येतो असं डॉक्टर सांगतात. आत्याला कुणी कधी डॉक्टरकडं नेलं नाही. रीतीच्या आडोशाला तिचं दुखणं आयुष्यभर झाकलेलं राहिलं.

लेकीला तरी आम्ही लगेच नेलं का? नाही. दृष्ट काढली, अंगारा लावला. कुणी म्हणालं हट्टी आहे, कुणी म्हणालं वयात येतेय. शाळेतून निरोप आला की पेपर अर्धे राहतात. अक्षर मनासारखं येईपर्यंत ती खोडत बसायची, कागदाला भोक पडेपर्यंत. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीच मानसोपचारतज्ज्ञांचं नाव काढलं, तेव्हा आई ओरडली, "पोरीला काय रत्नागिरीला पाठवायचंय?" महाराष्ट्रात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. आपण त्या गावांच्या नावांच्याच शिव्या करून ठेवल्यात. त्या शिव्यांच्या भीतीनं आमचे आणखी पाच महिने गेले. ते महिने माझ्या लेकीनं बेसिनपाशी काढले.

डॉक्टरांनी आधी तिच्याशी एकटीशी बोलून घेतलं. दिवसाचा किती वेळ यात जातो, थांबवलं तर किती त्रास होतो, असं एकेक विचारून आकडे मांडले. मग आम्हाला आत बोलावलं. मी मनाशी कबुलीजबाब तयार ठेवला होता: मी रागावतो, हिची आई नोकरी करते, घरात धाक आहे. त्यांनी तो ऐकून घेतला आणि म्हणाले, "संगोपनामुळं हा आजार होत नाही. शंभरातल्या एकदोघा मुलांना होतो." तिची आई तिथंच रडली.

पण पुढचं वाक्य जड होतं. रोज रात्री लेक विचारायची, "आई, काही होणार नाही ना?" आणि आई म्हणायची, "नाही गं सोन्या, काही होणार नाही." मग माझ्याकडं यायची. एका रात्रीत तीस-तीसदा. डॉक्टर म्हणाले, हे उत्तर देणं बंद करायचं. दर उत्तरानं तिला पाच मिनिटं बरं वाटतं आणि भीतीला खाऊ मिळतो. तिच्यासाठी नळ सोडणं, वेगळा टॉवेल ठेवणं, दाराची कडी आपणच उघडून देणं, हे सगळं आम्ही मायेनं केलं होतं. ते सगळं आजाराच्या पदरात पडलं होतं. लेकीला मदत मिळवायला गेलेल्या आईबापांना आधी स्वतःलाच शिकावं लागतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

उपचाराचा गाभा ऐकायला सोपा आहे. ज्याची भीती वाटते त्याला हात लावायचा आणि धुवायचं मात्र नाही. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये लंडनमधल्या दोन रुग्णांवर ही पद्धत वापरल्याचं लिहिलं, आणि आजही तीच पहिल्या पसंतीची मानली जाते. लेकीनं आजाराला नाव ठेवलं, चोंबडी. मग भीतीची शिडी केली, शून्य ते दहा. पहिली पायरी, स्वतःच्या चपलेला एक बोट लावून दोन मिनिटं बसणं. ती दोन मिनिटं आम्ही तिघं ओसरीवर घड्याळाकडं बघत बसलो होतो. ती थरथरत होती. मला उठून नळ सोडावासा वाटत होता. तिच्या आईनं माझा हात धरून ठेवला. अकराव्या मिनिटाला लेक म्हणाली, "बाबा, चोंबडी गप्प झाली." दोनाची अकरा कधी झाली, ते तिलाही कळलं नव्हतं.

रात्रीच्या प्रश्नाला आता आम्ही म्हणायचो, "हे तू विचारतेस की चोंबडी?" पहिल्या आठवड्यात तिनं किंचाळून घर डोक्यावर घेतलं, "तुमचं माझ्यावर प्रेम नाही" म्हणाली. त्या आठवड्यात मला झोप लागली नाही.

गोळीही सुरू झाली. सवय लागेल, मेंदू मंद होईल, असं नातेवाइकांनी सांगून बघितलं. अमेरिकेत ७ ते १७ वयाच्या ११२ मुलांवर केलेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा आठवडे ज्यांना सर्ट्रालिन ही गोळी आणि वर्तनोपचार दोन्ही मिळाले, त्यांतली निम्म्याहून जास्त मुलं आजारातून जवळजवळ बाहेर आली. नुसती गोळी किंवा नुसता उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण कमी होतं. अशा गोळ्यांचा गुण दिसायला दोन-तीन महिने लागू शकतात. तिसऱ्या आठवड्यात आम्ही ती बंद करायला निघालो होतो, तेव्हा डॉक्टरांनी थांबवलं.

आता ती चौदा वर्षांची आहे. परीक्षेच्या दिवसांत चोंबडी अजून डोकावते. रामरक्षा म्हणते, चुकली तरी पुढं जाते. माझी आई शेजारी बसून मुद्दाम एखादा शब्द चुकवते. डॉक्टरांनी तिलाही शिडीतली एक पायरी दिली होती, तीच ती अजून पाळते.

तुमच्या घरातलं मूल नळाखाली फार वेळ उभं राहत असेल, एकच प्रश्न वीसदा विचारत असेल, पानावर भोक पडेपर्यंत खोडत असेल, तर आमच्यासारखे साबण बदलत बसू नका. एक लाख माणसांमागे पुरता एक मानसोपचारतज्ज्ञ आपल्या देशात नाही, म्हणून भेटीची वेळ मिळायला उशीर लागेल. तरी नाव आजच नोंदवा. तोवर टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं.