मुठीचं देणं

माण तालुक्यातल्या आमच्या गावात हायस्कूल नसतं, तर माझं शिक्षण चौथीत संपलं असतं. माझ्या आईचं तिथंच संपलं होतं. ती हुशार होती, पाढे तोंडपाठ होते, पण पुढची शाळा तालुक्याच्या गावाला आणि त्या काळी पोरीला एवढ्या लांब कोण पाठवणार? मी मात्र ओढा ओलांडला की शाळेत. आईच्या आणि माझ्या आयुष्यात फरक पडला तो ओढ्यापलीकडच्या त्या दगडी इमारतीमुळं. ती कुणी उभी केली, कुणी चालवली, हे कळायला मला बराच काळ लागला. ते ऋण नीट नोंदवून ठेवावं म्हणून हे लिहिते आहे.

शाळा रयत शिक्षण संस्थेची होती. संस्थेचं बोधचिन्ह वडाचं झाड. ते आमच्या कमानीवर रंगवलेलं होतं. दर 22 सप्टेंबरला कर्मवीर भाऊराव पाटलांची जयंती असायची. आम्ही प्रभातफेरी काढायचो, घसा बसेपर्यंत जयजयकार करायचो, आणि सुवासिनी फोटोला ओवाळायच्या. कर्मवीर कोण, त्यांनी काय केलं, हे भाषणांतून कानावर पडत होतं. मनात उतरत नव्हतं. गावात जसं देऊळ असतं, विहीर असते, तशी शाळाही असतेच, असं मला वाटायचं. ती कुणीतरी मागून, जमवून, पोटाला चिमटा घेऊन आणावी लागते, हे माझ्या गावीही नव्हतं.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मी हायस्कूलमध्ये नुकतीच गेले होते. वडील मुंबईला मशीद बंदरात माथाडी. इकडं विहिरी आटलेल्या, जनावरं विकलेली. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो मिळायचा, त्यावर घर चाललं होतं. धाकट्या भावाला सांभाळायला कुणी हवं म्हणून माझी शाळा सुटली. सुटली म्हणजे कुणी तसं ठरवलं नाही. एक दिवस गेले नाही, मग दुसऱ्या दिवशीही गेले नाही, आणि तसंच चालत राहिलं.

एका संध्याकाळी हेडमास्तर घरी आले. आई कामावरून नुकतीच आली होती, हात खडीच्या पांढऱ्या धुळीनं भरलेले. सर उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, पोरगी उद्यापासून वर्गात दिसली पाहिजे. वह्या, पुस्तकं, फी, सगळं शाळा बघंल. धाकट्यालाही संगं घेऊन येऊ दे, बसू दे मागं." दुसऱ्या दिवसापासून मी भावाला काखेत घेऊन शाळेत गेले. पुस्तकं पुस्तकपेढीतून मिळाली, वह्या आणि परीक्षेची फी गरीब विद्यार्थी फंडातून.

हा फंड म्हणजे काय, ते मला आज्जीनं सांगितलं. आमच्या माजघरात कोनाड्यात एक रिकामं गाडगं होतं. आज्जी त्याला मुठीचं गाडगं म्हणायची. शाळा निघायच्या आधी संस्थेची माणसं गावात आली होती. त्यांनी बायकांना सांगितलं की दळायला बसताना एक मूठ ज्वारी बाजूला टाका, आठवड्यानं आम्ही घेऊन जाऊ. आज्जी टाकत राहिली. मी तिला विचारलं, "पण तवा आपल्या घरातलं शाळंत कोण जात हुतं?" ती म्हणाली, "कोण न्हवतं. पर कुणाचं तरी पोरगं शिकंल की."

आज्जीला अक्षर वाचता येत नव्हतं. तिच्या त्या वाक्याचं मोल त्या वयात मला कळलं असं मी म्हणणार नाही. मला त्या वेळी नव्या वहीच्या वासाचंच अप्रूप होतं.

अकरावीला मी साताऱ्याला आले, सायन्स कॉलेजात. वसतिगृहात जागा मिळाली आणि 'कमवा आणि शिका' योजनेत ग्रंथालयाचं काम. पुस्तकांना कव्हरं घालायची, फाटलेली पानं खळ लावून चिकटवायची, जीर्ण झालेली कार्डं नव्यानं लिहायची. संस्थेच्या इतिहासाची पुस्तकं याच कामात हाताखालून गेली, आणि लहानपणी ओरडून घोषणा दिलेल्या माणसाची खरी ओळख तिथं झाली.

4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी संस्था निघाली. 1924 मध्ये कर्मवीर, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, साताऱ्याला आले आणि सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवतील असं वसतिगृह त्यांनी चालवलं. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं. 1940 मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं, 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. मुलांनी श्रम करायचे आणि फुकट शिकायचं, ही दोन्हींची रीत. गांधीहत्येनंतरच्या काळात मुंबई सरकारनं संस्थेचं अनुदान थांबवलं, तेव्हा गाडगे महाराजांसारखी माणसं पाठीशी उभी राहिली आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांनी धान्य, पैसा, जे असेल ते देऊन संस्था तगवली.

हे सगळं वाचताना मी एका ठिकाणी थांबले. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणाची सोय होत नव्हती तेव्हा लक्ष्मीबाईंनी, अण्णांच्या पत्नीनं, अंगावरचे दागिने मोडायला दिले. शेवटी मंगळसूत्रही दिलं. 1930 मध्ये त्या गेल्या. संस्थेचा पुढचा विस्तार त्यांना बघायला मिळाला नाही. मी वसतिगृहाच्या मेसमध्ये रोज दोन वेळा जेवत होते. ते ताट कुणी वाढलं आहे, हा विचार त्या दिवसापासून माझ्या मनातून गेला नाही. बी.एड.ला आझाद कॉलेजात प्रवेश घेतला तो याच संस्थेत शिकवायचं असं ठरवून.

रयत सेवक म्हणून नोकरी लागली. संस्थेत बदल्या होतात. मीही सातारा-सांगली भागातल्या वेगवेगळ्या शाळांत विज्ञान शिकवलं. खटाव तालुक्यातल्या एका शाळेत मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाले तेव्हा दप्तराच्या कपाटात खालच्या खणात कापडी बांधणीची एक वही सापडली. शाळा बांधली त्या वेळची देणगीची वही. वर नाव, समोर वस्तू. 'ज्वारी दोन पायल्या.' 'वाळू, बैलगाडीनं.' 'बांधावरचा लिंब, दारांच्या चौकटीसाठी.' 'गवंडीकाम, मजुरी घेतली नाही.' सही येणाऱ्यांच्या सह्या थोड्या. बाकी पानं अंगठ्यांनी भरलेली, जांभळी शाई काळपट पडलेली. लिहिता न येणाऱ्या माणसांनी आपल्या गावात लिहिणं-वाचणं यावं म्हणून उठवलेले ते अंगठे होते. आज्जीच्या गाडग्याची नोंद कुठल्या वहीत असेल-नसेल. पण तिच्यासारखी किती माणसं असतील ते मला त्या पानांवर दिसलं.

शाळा अनुदानित असली की लोकांना वाटतं, सगळं सरकार देतं. सरकार शिक्षकांचा पगार देतं, आणि त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण खडू, वीजबिल, बाक, पत्र्याची दुरुस्ती, प्रयोगशाळेतली रसायनं, ग्रंथालयातली नवी पुस्तकं, हा सगळा खर्च वेतनेतर अनुदानातून भागवायचा असतो, आणि ते अनुदान मध्यंतरी वर्षानुवर्षं मिळालंच नाही. मिळू लागलं तरी पुरं पडेना. मुलं पाठ्यपुस्तकातल्या चित्रातच परीक्षानळी बघत होती. मीच रसायनशास्त्राची शिक्षिका, आणि माझ्या शाळेत प्रयोग होत नाहीत, याची टोचणी मला रोज होती. स्कूल कमिटीच्या बैठकीत मी विषय काढला. कमिटीतले एक वयस्कर सदस्य म्हणाले, "बाई, जत्रेपर्यंत थांबा. गलाईवाली पोरं गावाला येतील."

खटाव, माण, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. केरळ असो की तामिळनाडू, सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत एखादी भट्टी आपल्याकडच्या माणसाची असते. वर्षभर कुलूप लागलेली घरं जत्रेला उघडतात. त्या वर्षी जत्रेत देवळासमोर शाळेचं टेबल मांडलं आणि पावतीपुस्तक घेऊन मी आणि दोन शिक्षक बसलो. मागायला मला अवघड जात होतं. लोकांना द्यायला अवघड गेलं नाही.

देणाऱ्यांतल्या एका तात्यांनी मोठी रक्कम दिली आणि म्हणाले, "पावती नको, प्रयोगशाळा झाली की बघायला बोलवा." पुढच्या जत्रेला ते आले. नवं टेबल, बेसिन, कपाटातल्या बाटल्या बघत फिरत होते. नायट्रिक आम्लाच्या बाटलीपाशी थांबले. "हे आमचंच," ते म्हणाले आणि आपले हात पुढं केले. बोटांवर पिवळट डाग, मनगटापाशी भाजल्याची जुनी खूण. मग त्यांनी सांगितलं की सोन्यात चांदी पुरेशी मिसळून ते नायट्रिकमध्ये टाकतात. चांदी विरघळते, सोनं तळाशी राहतं. पुढं त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली की चांदी परत बाहेर पडते.

मी दहावीला शिकवत आलेली विस्थापन अभिक्रिया ती हीच. अधिक क्रियाशील धातू कमी क्रियाशील धातूला त्याच्या क्षाराच्या द्रावणातून बाहेर काढतो, हे मी फळ्यावर समीकरणानं शिकवत होते. तात्या ते रोजच्या भाकरीसाठी करत होते. ते म्हणाले, "बाई, मी नववीत शाळा सोडली. हे सगळं करतो, पण का हुतं ते मला ठाव न्हाई. ह्या पोरांना ते कळू द्या. आणि धुराचं बी सांगा. छातीत जातो तो." त्यांना आम्ही वर्गात बसवलं. जपून ठेवलेल्या थोड्याशा सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मी तांब्याची तार सोडली. तारेवर करड्या, चमकत्या चांदीची लव धरू लागली, द्रावण हळूहळू निळं होत गेलं. निळा रंग विरघळलेल्या तांब्याचा, हे मी सांगत होते, आणि मुलांच्या मागं उभे असलेले तात्या मान पुढं करून ऐकत होते. वर्गातल्या कित्येक मुलांचे बाप त्याच धंद्यात होते. त्या मुलांनी त्या दिवशी विचारलेले प्रश्न मला आधी कधीच कुणी विचारले नव्हते: धूर बाहेर कसा काढायचा, हातमोजे कशाचे हवेत, उरलेलं आम्ल गटारात सोडलं तर काय होतं.

मला शिकवायला खऱ्या अर्थानं त्या तासानं शिकवलं. तोवर मी पुस्तक शिकवत होते. त्यानंतर मी समोरच्या मुलांच्या घरापासून सुरुवात करू लागले. दुधातला फॅट कसा मोजतात, बोअरचं पाणी मचूळ का लागतं, डाळिंबावर फवारलेलं औषध कुठं जातं, हे आमचे प्रयोग झाले. गावानं दिलेल्या पैशातून प्रयोगशाळा झाली, हे तर खरंच. पण गावानं मला त्या प्रयोगशाळेत काय शिकवावं हेही दिलं.

आता मी निवृत्त आहे. जमेल तेव्हा शाळेत जाते, पावतीपुस्तकाचा हिशेब बघते. माजी विद्यार्थ्यांच्या बॅचेस येतात, कुणी संगणक देतं, कुणी मुलींच्या स्वच्छतागृहासाठी पैसे देतं. हे बघताना मला माझं काही देणं फिटलं असं वाटत नाही. हेडमास्तर उंबऱ्यापाशी आले नसते, आज्जीनं आणि तिच्यासारख्यांनी मूठ टाकली नसती, लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं दिलं नसतं, तर माझ्या हातात खडूच आला नसता. यांतल्या बहुतेकांना मी कोण हे ठाऊक नव्हतं. त्यांनी कुणाकडून परतफेडीची अपेक्षाही ठेवली नाही.

म्हणून खेड्यातल्या हायस्कूलमध्ये शिकून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं आहे. पुढच्या वेळी गावाला जाल तेव्हा शाळा सुटायच्या आधी तिथं पोचा. मुख्याध्यापकांना भेटा, आणि यंदा प्रयोगशाळेत, ग्रंथालयात काय कमी आहे ते विचारा. उत्तर मिळेलच. मग आपल्याला झेपेल तेवढी मूठ तिथं टाका.