फास्ट कार आणि घोडबंदर रोड

ट्रेसी चॅपमनच्या पहिल्या अल्बमचं नाव 'ट्रेसी चॅपमन'च आहे. एप्रिल १९८८ मध्ये तो आला तेव्हा ती २४ वर्षांची होती. ११ गाणी, जेमतेम ३६ मिनिटं. म्हणजे सकाळी मानपाड्याहून निघून माजिवड्याचं जंक्शन ओलांडेपर्यंत अख्खा अल्बम ऐकून होतो. (हसू नका, घोडबंदर रोडवाले हसणार नाहीत.)

आमच्या वयाच्या बऱ्याच जणांना ती कळली २०२३ मध्ये, ल्यूक कोम्ब्सने तिचं 'फास्ट कार' पुन्हा गायलं तेव्हा. त्या वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनचं 'साँग ऑफ द इयर' या गाण्याला मिळालं, म्हणजे ते लिहिणाऱ्या ट्रेसीला, ३५ वर्षांनी. हा मान मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमीच्या स्टेजवर दोघं एकत्र गायले आणि ती क्लिप आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर दोन दिवस फिरत होती.

मला मात्र जास्त आवडतो तो किस्सा ११ जून १९८८ चा. लंडनचं वेम्ब्ली स्टेडियम, नेल्सन मंडेलांच्या सत्तरीनिमित्त कॉन्सर्ट. स्टीव्ही वंडर स्टेजवर जायच्या बेतात, आणि त्याच्या सिंथेसायझरची हार्ड डिस्क गायब! तो निघून गेला. आता ही पोकळी भरणार कोण? दुपारी एकदा गाऊन गेलेल्या ट्रेसीला पुन्हा बोलावलं. तिला काय लागतं? एक गिटार, एक माइक. झालं. त्या संध्याकाळनंतर अल्बम तुफान खपला, ऑगस्टमध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेला. (बॅकअप घेत चला, इतकंच म्हणतो.) त्याच सप्टेंबरात ॲम्नेस्टीच्या दौऱ्यात ती दिल्लीतही गाऊन गेली. तेव्हा आमचा जन्मही झाला नव्हता, त्यामुळे हळहळण्याचा प्रश्न नाही.

असो. मुद्दा 'फास्ट कार'चा. नावावरून वाटतं, वेगाचं गाणं असेल, बाइकवरून लोणावळ्याला जाताना लावायचं. गिटारचा तो सुरुवातीचा तुकडाही तसाच फसवा आहे, गोल गोल फिरत राहतो. पण नीट ऐका, हे हिशेबाचं गाणं आहे. बाप दारू पितो, आई सोडून गेलीय, म्हणून पोरगी शाळा सोडते. दुकानात काम करून थोडे पैसे साठवते आणि मित्राच्या गाडीतून शहराकडे निघते. तिथे तिला बिलाच्या काउंटरवर नोकरी मिळते, त्याला मिळत नाही. मग तिला बढती मिळेल, मोठं घर घेऊ... आणि काही वर्षांनी पोरं झालेली असतात, घर तिच्या पगारावर चालतं आणि तो मित्रांबरोबर बारमध्ये असतो. म्हणजे बापाच्याच जागी येऊन बसलेला! ट्रेसी आवाज चढवत नाही. नुसतं सांगत जाते.

याच अल्बममध्ये 'बिहाइंड द वॉल' आहे. त्यात गिटारसुद्धा नाही, नुसता आवाज. भिंतीपलीकडे नवरा बायकोला मारतोय आणि पोलिसांना बोलावून उपयोग नाही. हे ऐकताना मला जात्यावरच्या ओव्या आठवतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावी फिरून लाखाच्या वर ओव्या जमवल्या. त्यातही सासरचा जाच असाच येतो, दळता दळता सांगितलेला. त्या बायकांचे अल्बम निघाले नाहीत, एवढाच फरक. (संगीताचे जाणकार माझ्यावर चिडतील. चिडू देत.)

आता मावशी. आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरणी काही पुन्हा लागली नाही, आणि आजोबा बाटलीला लागले. मावशीने नववीतून शाळा सोडली आणि खानावळीत पोळ्या लाटायला लागली. पुढे लग्न झालं, तेही तसंच निघालं. आमच्या घरात यावर कोणी बोलत नाही. 'तिचं नशीब' म्हणतात आणि चहा टाकतात.

गेल्या महिन्यात तिला गाडीतून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होतो. मानपाड्याच्या पुढे अडकलो, गाणं लागलं. "काय म्हणते रे ही बाई? रडत नाही, पण रडल्यासारखी वाटते." मी जमेल तसं मराठीत सांगत गेलो. शाळा सोडण्याच्या जागी जरा अडखळलो. मावशी समोरच्या ट्रककडे बघत होती.

"मग शेवटी ती जाते का सोडून?"

"नाही. सुरुवातीला म्हणत असते, आपण दोघं निघू. शेवटी त्याला म्हणते, तुझी गाडी घे आणि तू जा."

"घरभाडं कोण भरतं?"

"तीच."

"मग बरोबर आहे. तिने का जायचं?" मावशी म्हणाली. आणि जरा वेळाने, "मला हे तेव्हा कोणी सांगितलं नाही रे."

सिग्नल सुटला होता. मागचा हॉर्न वाजवत होता.