एका जप्त तबकडीचे लेखापरीक्षण

आमची सारी नोकरी लेखापरीक्षणात गेली. मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत नगरपालिकांच्या आणि पंचायतींच्या नस्त्या चाळीत चौतीस वर्षे काढली. दुसऱ्यांच्या कागदांवर आक्षेप काढणे हा आमचा व्यवसाय. त्यात आम्ही फारशी कुचराई केली नाही. स्वतःच्या घरात केलेल्या एका जप्तीची नोंद मात्र आम्ही कुठेच ठेवली नाही. ती आज या पानांवर करीत आहोत.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीआधी घराला रंग देण्याचे निघाले. लोखंडी कपाट रिकामे करताना भविष्यनिर्वाह निधीच्या कागदांखाली एक तबकडी सापडली. वेष्टनावर निळे पाणी, त्यात पोहणारे एक तान्हे मूल आणि त्याच्यापुढे गळाला लावलेली डॉलरची नोट. निर्वाणा या अमेरिकन वाद्यवृंदाचे ‘नेव्हरमाइंड’. २००३ साली आमचे चिरंजीव बारावीत असताना आम्ही ती त्यांच्याकडून काढून घेतली होती.

तेव्हा आमची बदली खरगोनला होती आणि आम्ही शनिवारी इंदूरला येत असू. अशाच एका रात्री मागच्या खोलीतून पत्र्यावर डबे आपटावेत तसा आवाज येत होता. आम्ही आत गेलो, यंत्र बंद केले आणि म्हणालो, ‘‘हे संगीत नव्हे. परीक्षा झाल्यावर मिळेल.’’ परीक्षा झाली, निकाल उत्तम लागला. आम्ही दिली नाही, त्याने मागितली नाही. पुढे तो शिकायला पुण्यास गेला आणि तिथेच नोकरीत रमला. फोनवर प्रकृती, पाऊसपाणी, गॅसचे सिलिंडर सारे विषय होत. पण त्या रात्रीनंतर त्याने आमच्यासमोर कधी काही ऐकले नाही.

तबकडी हाती आल्यावर जुनी सवय जागी झाली. नस्ती न वाचता शेरा मारणाऱ्या अधिकाऱ्याला आम्ही नेहमीच नावे ठेवली. इथे तर आम्हीच तसा शेरा मारून बसलो होतो. तेव्हा निवृत्तीचा मोकळा वेळ या संगीतसंग्रहाची जन्मकथा वाचण्यात घालवला.

पहिलीच नोंद आमच्या धंद्यातली निघाली. या मंडळींच्या पहिल्या संग्रहाचे, ‘ब्लीच’चे, ध्वनिमुद्रण सिएटलमध्ये झाले. त्याचा खर्च ६०६ डॉलर १७ सेंट. वरचे सतरा सेंटही हिशेबात धरणारा माणूस पाहिला की लेखापरीक्षकाला भरून येते! मात्र हे पैसे ज्याने भरले त्याचे नाव वेष्टनावर गिटारवादक म्हणून छापले गेले, आणि त्या संग्रहात त्याने एकही स्वर वाजवलेला नाही. उलट ‘नेव्हरमाइंड’मधल्या ‘पॉली’ या गाण्यात ज्या झांजा ऐकू येतात त्या आधीचा ढोलवादक चॅड चॅनिंग याच्या. पण वेष्टनावर त्याचा उल्लेख नाही. एकाने न वाजवता नाव मिळवले, दुसऱ्याने वाजवूनही गमावले. आमच्या नगरपालिकांच्या हजेरीपटांची आठवण झाली.

एप्रिल १९९० मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे बुच विग या ध्वनिमुद्रकाकडे त्यांनी काही गाणी मुद्रित केली. ‘पॉली’ त्यांतलेच. नंतर चॅनिंग बाहेर पडला आणि सप्टेंबरात डेव्ह ग्रोल आला. गायक-गिटारवादक कर्ट कोबेन, बास गिटार वाजवणारा क्रिस्ट नोवोसेलिक आणि हा ग्रोल, असे त्रिकूट जमले. छोटी कंपनी सुटून डीजीसी या मोठ्या कंपनीशी करार झाला. तरी लॉस एंजेलिसपर्यंत जायला पेट्रोलाला पैसे हवेत म्हणून १७ एप्रिल १९९१ रोजी सिएटलच्या ओके हॉटेलात त्यांनी कार्यक्रम केला. पुढे जे गाणे जगभर गाजले ते श्रोत्यांसमोर पहिल्यांदा तिथे वाजले. मग मे महिन्यात व्हॅन नाइज येथील साउंड सिटी या जुन्या स्टुडिओत काम सुरू झाले. अंदाजपत्रक ६५ हजार डॉलरचे. प्रत्यक्ष खर्च त्याच्या जवळजवळ दुपटीवर गेला. आम्ही आक्षेप घेतलाच असता.

पण खर्च कशावर झाला ते वाचू लागलो, तसतशी लेखणी थबकली. ज्याला आम्ही डबे आपटणे म्हटले त्यामागे केवढी काटेकोर मेहनत होती! कोबेनचा आवाज अधिक भरीव व्हावा म्हणून विगला तेच गाणे त्याच्याकडून पुन्हा गाऊन घेऊन पहिल्या आवाजावर चढवायचे होते. कोबेनला ही लबाडी वाटे. तेव्हा विगने सांगितले की जॉन लेननही असेच करीत असे. लेनन हे त्याचे दैवत. तो तयार झाला. कधी तर विग ‘मघाचे नीट मुद्रित झाले नाही’ अशी थाप मारून दुसऱ्यांदा गाऊन घेई. हट्टी मुलाला त्याच्या दैवताचे नाव घेऊन समजावता येते, हे त्या परक्या माणसाला सुचले. आम्हांस कपाटाची किल्ली सुचली.

शेवटच्या ‘समथिंग इन द वे’ या गाण्याची हकिगत तर आम्ही दोनदा वाचली. वाद्यांच्या खोलीत ते काही केल्या जमेना. कोबेन नियंत्रणकक्षात आला, कोचावर आडवा झाला आणि हे असे हवे म्हणून जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात गाऊ लागला. विगने पंखा बंद केला, टेलिफोन काढून ठेवला आणि तिथेच ध्वनिक्षेपक लावले. गिटार धड सुरात लावलेलीही नव्हती. मागाहून साथ भरताना इतरांना तिच्याशी जुळवून घ्यावे लागले. दणदणीत वाजवणाऱ्या ग्रोलला इथे हलक्या हाताने वाजवायचे होते.

२४ सप्टेंबर १९९१ रोजी संग्रह बाजारात आला. कंपनीने अमेरिकेत सुरुवातीस पाठवलेल्या प्रती सेहेचाळीस हजारांच्या आसपास होत्या. आणि ११ जानेवारी १९९२ या तारखेच्या ‘बिलबोर्ड’च्या यादीत मायकेल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला हटवून तो पहिल्या क्रमांकावर पोहोचला. कोबेन मात्र नंतर म्हणे की अँडी वॉलेसने केलेले अखेरचे मिश्रण फारच गुळगुळीत झाले. एप्रिल १९९४ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, त्याने आपले आयुष्य संपवले.

११ जानेवारी १९९२. ही तारीख वाचून आम्ही पुस्तक मिटले. दुसऱ्याच दिवशी, १२ जानेवारीस, देवासला कुमारजी गेले होते. आम्ही इंदूरहून मिळेल त्या बसने देवास गाठले होते. माळव्यातल्या मराठी माणसाला कुमार गंधर्व म्हणजे कोण, हे इथे सांगायला नको. क्षयाने एक फुफ्फुस निकामी झाले, सुमारे पाच वर्षे गाणे बंद राहिले, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या कानी आलेल्या माळवी लोकगीतांतून त्यांना नवी वाट सापडली. आमचे वडील ग्वाल्हेर गायकीचे कट्टर अभिमानी. कुमारजींची तबकडी लावली की ते म्हणत, ‘‘तुकडे तुकडे करतो हा. हे गाणे नव्हे.’’ कॉलेजात असताना आम्ही त्यांच्याशी यावरून तावातावाने भांडलो होतो, दोन दिवस अबोला धरला होता. आणि पुढे त्यांचेच वाक्य, एक शब्द बदलून, आम्ही आमच्या मुलाला ऐकवले. वडिलांनी निदान आमची तबकडी कधी काढून घेतली नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात चिरंजीव आठ दिवस आले होते. जेवणे झाल्यावर आम्ही ती तबकडी त्यांच्यापुढे ठेवली. तो बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘‘बाबा, ही अजून आहे?’’ जुने यंत्र माळ्यावरून काढले आणि पहिल्यापासून ऐकायला बसलो. सगळे आवडले असे म्हणणे खोटे ठरेल. पण आरडाओरड्यामागचे तालाचे बांधकाम आता दिसत होते, आणि शेवटच्या गाण्यातला तो आडवा पडून गायलेला आवाज आम्हांस परका वाटला नाही.

गाणे संपले. आम्ही यंत्र बंद करायला उठलो, तसा तो म्हणाला, ‘‘बाबा, थांबा. उठू नका. अजून एक आहे. पण त्याच्या आधी दहा मिनिटे काहीच नाही.’’

आम्ही पुन्हा बसलो. तबकडी नुसती फिरत होती. ‘लिथियम’ हे गाणे मनासारखे होईना म्हणून ते तिघे चिडून वाटेल ते वाजवू लागले, त्या भरात कोबेनने गिटार फोडली, आणि फीत चालूच असल्याने सारे मुद्रित झाले, असे तो सांगू लागला. तेच शेवटी लपवून ठेवले; पहिल्या काही हजार प्रतींत तर ते घालायचेच राहून गेले. मग तो म्हणाला, ‘‘तेव्हा मला गिटार शिकायची होती. तुम्हांला सांगणार होतो.’’ आम्ही विचारले, ‘‘आता?’’ तो म्हणाला, ‘‘आता बोटे वळत नाहीत हो. पण रविवारी बसतो कधीकधी, शेजारचे कुणी घरी नसले की.’’ म्हणजे पुण्यात एक गिटार होती, आणि आम्हांस तिची खबर नव्हती.

एवढ्यात तो कल्लोळ एकदम उसळला. आमच्या सौ. स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि काय पडले म्हणून विचारू लागल्या. चिरंजीव हसत होते. आम्ही हात करून त्यांना बसायची खूण केली आणि आवाज थोडा वाढवला.